मदत हवी आहे: थिएग्वानयिन चहा तिसऱ्या पाण्याला तुरट होतोय

नमस्कार मंडळी,

चीनच्या फुजियान प्रांतातल्या आन्शीचा थिएग्वानयिन भावाने पाठवलाय. हलका ऑक्सिडाइझ केलेला, हिरवट, घट्ट वळलेल्या गोळ्यांचा ऊलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार. पाकीट उघडलं की फुलांचा घमघमाट येतो. तो कपात उतरवायचाय, आणि तिथेच अडकलेय.

पद्धत गोंगफूचीच ठेवलीय, म्हणजे लहान भांड्यात जास्त पत्ती घेऊन तिच्यावर पुन्हा पुन्हा थोडा वेळ पाणी ओतायची चिनी रीत. ११० मिलीचा गायवान, म्हणजे बशी-झाकणाचा कप, आधी गरम पाण्याने तापवून घेते. ७ ग्रॅम पत्ती, पाणी साधारण ९५ अंश. पहिलं पाणी लगेच ओतून टाकते, म्हणजे गोळे सैल व्हायला लागतात. मग २० सेकंद, दुसऱ्यांदा १५. इथवर सुरेख! दुसरा कप तर लोण्यासारखा मऊ लागतो. तिसऱ्यापासून मात्र जीभ आवळते आणि वास जवळजवळ संपतो. हा चहा सहा-सात पाणी सहज देतो म्हणतात.

तिसऱ्या पाण्यापर्यंत पानं इतकी फुगतात की झाकण वर उचललं जातं. मग पत्तीच जास्त होतेय का? ५ ग्रॅमवर यावं, की वेळ १० सेकंदांवर आणावा? तापमान उतरवायला मन धजत नाही, कारण कोमट पाण्यात गोळे नीट उलगडत नाहीत.

दुसरी शंका पाण्याची. आमच्याकडे बोअरचं जड पाणी येतं, उकळलं की किटलीत पांढरा थर बसतो. वास त्यानेच मरत असेल का? आरओचं पाणी वापरून कुणी फरक पाहिलाय?

पत्ती थोडीच उरलीय, म्हणून प्रयोग करण्याआधी विचारतेय. गायवान वापरणाऱ्यांनी आपली मापं जरूर सांगा.