फेरोफ्लुइडच्या सिम्युलेशनमध्ये साखळ्या होतच नाहीयेत

गोदाकाठ_फिजिक्स:
नाशिकला एमेस्सी करतोय. प्रोजेक्टला फेरोफ्लुइडचं, म्हणजे चुंबकी नॅनोकण तरंगत असलेल्या द्रवाचं, मॉन्टे कार्लो (कण रँडम हलवत जायचं सिम्युलेशन) घेतलंय, मॅग्नेटाइटचे (लोखंडाचं चुंबकी ऑक्साइड) १० नॅनोमीटरचे कण, वरून ओलिक अ‍ॅसिडचा २ नॅनोमीटरचा थर, सगळे एकाच साइजचे, बाहेरचं चुंबकी फील्ड शून्य. रात्रभर रन सोडला तरी कण आपले सुटे सुटेच. आणि आमच्या टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) फोटोत तर चक्क माळा दिसतायत, सर म्हणतात कोड गंडलाय. कुठे बघू?

डायपोल_दादा:
कोड नंतर, आधी लॅम्डा काढ, म्हणजे दोन कणांमधली चुंबकी ओढ उष्णतेच्या एनर्जीच्या किती पट ते. म्यू नॉट एम स्क्वेअर भागिले चार पाय डी क्यूब केटी; एम म्हणजे कणाचा चुंबकी मोमेंट, केटी उष्णतेची एनर्जी, आणि डी म्हणजे व्यास थरासकट घे, म्हणजे १४. मॅग्नेटाइटचं सॅच्युरेशन (जास्तीत जास्त मॅग्नेटायझेशन) ४४६ किलोअँपिअर प्रति मीटर धरलं तर जेमतेम ०.५ येतो, साखळी धरायला ३-४ तरी हवा. सुटेच राहणार रे! गाभा १८ कर, थर तोच ठेव, ४ च्या वर जाईल, कारण अंशात गाभ्याच्या व्यासाचा सहावा घात बसलाय.

सातपूरकर:
आणि टीईएमवर एवढा भरवसा नको. ग्रिडवर थेंब सुकताना पृष्ठताण कणांना ओढून एकत्र आणतो, मग माळ द्रवात होती का सुकताना झाली कसं कळणार? द जेन आणि पिंकस या भौतिकशास्त्रज्ञांनी साखळ्यांचं भाकीत १९७० लाच केलं होतं, पण २००३ मध्ये नेदरलँड्सच्या उट्रेख्टवाल्यांनी लोखंडाच्या कणांचं फेरोफ्लुइड झटक्यात गोठवून तसंच गोठलेलं क्रायो टीईएमखाली बघितलं तेव्हा त्या डोळ्यांनी दिसल्या.

एवाल्ड_सम:
कोड बरोबरच आहे असं इतक्यात म्हणू नका हं. डायपोलचा, म्हणजे कणाकणांतल्या चुंबकी ओढीचा, परिणाम लांबवर जातो, नुसता कटऑफ मारून (ठरावीक अंतरापुढचं सोडून) चालत नाही. आपसातला डायपोल बंद कर, फील्ड वाढवत जा, मॅग्नेटायझेशन लँजेव्हिन कर्व्हवर (सुट्या कणांच्या थिअरीचा कर्व्ह) बसलं नाही तर मूळच चुकलंय. दुसरं, खऱ्या सँपलमध्ये सगळे कण एका मापाचे कुठून असणार, साखळ्या करतात ते मूठभर मोठे कण, बारके नुसते आजूबाजूला हिंडतात. लॉगनॉर्मल साइज टाक, म्हणजे बारके खूप, मोठे थोडे.

गोदाकाठ_फिजिक्स:
लँजेव्हिन बरोब्बर बसला! १८ ला साखळ्या पण आल्या. हौसेने २२ केलं तर दोनचार ठिकाणी चक्क रिंगा झाल्यात, हे काय आता?

डायपोल_दादा:
शून्य फील्डला होतात, चार किंवा जास्त कण असले की टोकं जुळवून एनर्जी अजून कमी होते. फील्ड लाव, उघडतील. आणि २२ ला एकेक कण हलवत बसलास तर रन अडकेल, क्लस्टर मूव्ह घाल, म्हणजे अख्खा गठ्ठा एकदम हलव.