ड्रायव्हर लोड झालाय, पण प्रोब चालतच नाही

प्रश्न
रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला डीएस३२३१ ही घड्याळाची चिप आयटूसीवर (चिपा जोडायची दोन तारांची बस) जोडली आहे. मोडप्रोब कमांडने आरटीसी-डीएस१३०७ ड्रायव्हर चढवला, एलएसमॉडमध्ये (चढवलेल्या मॉड्यूलांची यादी) तो दिसतो. पण डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदी) एक ओळही येत नाही आणि आरटीसी० हे घड्याळाचं डिव्हाइस तयार होत नाही. म्हणजे प्रोब, ड्रायव्हरचं चिप ताब्यात घेणारं फंक्शन, चालतच नाही. यूएसबीचं काहीही खोचलं की लगेच ओळखलं जातं, मग ही चिप का नाही?

उत्तर १
यूएसबी आणि पीसीआयची (कार्डं जोडायची बस) उपकरणं आपली ओळख स्वतः सांगतात. पीसीआयवर कर्नल एकेका जागेचा व्हेंडर आयडी (निर्मात्याचा क्रमांक) वाचत जातो. एफएफएफएफ आलं की तिथे कार्ड नाही. आयटूसीत ही सोयच नाही. हेक्स ६८ हा पत्ता डीएस३२३१ चा, तसाच एमपीयू६०५० सेन्सरचाही. म्हणून कर्नल अंदाज बांधत नाही, त्याला सांगावं लागतं.

मॉड्यूल चढवल्याने ड्रायव्हरची बसकडे फक्त नोंद होते. जुळणारं डिव्हाइसही नोंदलं गेलं, तरच प्रोब बोलावला जातो. कॉन्फिग फाइलमध्ये ‘डीटीओव्हरले=आयटूसी-आरटीसी,डीएस३२३१’ ही ओळ टाका आणि रीबूट करा. हा ओव्हरले कर्नलला चिप जोडल्याचं सांगतो.

उत्तर २
डिव्हाइस हाताने नोंदवायचं असेल तर पत्ता ७ बिटांचाच द्या. हेक्स डी० हा ६८ चाच, शेवटी राइट बिट धरून झालेला ८ बिटांचा आकडा आहे. तो कर्नल नाकारतो.

प्रश्नकर्ता
ओव्हरले टाकला. सिसएफएसमध्ये (कर्नलला माहीत असलेली डिव्हाइसं दाखवणाऱ्या फाइली) १-००६८ आलं, पण डीमेसेजमध्ये ‘एरर -१२१’.

उत्तर १
१-००६८ डिव्हाइस ट्रीवरून (कर्नलला दिलेलं हार्डवेअरचं वर्णन) बनतं, वायर काढून ठेवली तरी दिसेल. १२१ चा अर्थ प्रोब चालला, रजिस्टर वाचायला गेला, पण चिपने पोच दिली नाही. म्हणजे आता वायरिंग बघा: एसडीए (डेटाची तार) पिन ३ वर, एससीएल (क्लॉकची तार) पिन ५ वर. या दोघींची अदलाबदल फार होते. चिपच्या बोर्डाला वीज पिन १ वरची, ३.३ व्होल्टची. ५ व्होल्ट देऊ नका. बोर्डावरचे पुल-अप (तारा वर खेचून धरणारे रेझिस्टर) त्याच व्होल्टेजला बांधलेले असतात आणि पायचे जीपीआयओ (या पिना) ५ व्होल्ट सोसत नाहीत.

वायर नीट केल्यावर रीबूट नको. ड्रायव्हरच्या बाइंड फाइलमध्ये १-००६८ लिहिलं की प्रोब पुन्हा चालतो.

उत्तर २
आयटूसीडिटेक्टमध्ये (बसवरचे पत्ते तपासणारं टूल) ‘यूयू’ दिसलं तर तो पत्ता ड्रायव्हरने घेतलेला आहे इतकंच कळतं. अशा पत्त्यावर ते टूल चिपला विचारतच नाही.

आणि एरर ५१७ असेल तर वायरिंगला हात लावू नका. रेग्युलेटर किंवा क्लॉक अजून तयार नाही म्हणून प्रोब पुढे ढकललाय, कर्नल पुन्हा प्रयत्न करेल. कायम अडकलेली डिव्हाइसं डीबगएफएसच्या (कर्नलच्या डीबगिंगच्या फाइली) डिव्हायसेस_डिफर्ड फाइलमध्ये सापडतात.