झेंडावंदन की ध्वजारोहण? (आणि देशप्रेम, देशभक्ती, देशाभिमान वगैरे)

उंबरठा:
'झेंडावंदन' हा शब्द निमंत्रणपत्रिकांतून जवळजवळ हद्दपार झालाय. जिकडेतिकडे 'ध्वजारोहण समारंभ'. बोलताना मात्र अजून कोणी "ध्वजारोहणाला येतोस का?" असं विचारत नाही, "झेंडावंदनाला चल" असंच म्हणतात. हा फरक मला नुसता सोप्या-अवघड शब्दांचा वाटत नाही. आरोहण करणारा एकटा प्रमुख पाहुणा. वंदन मैदानात उभे असलेले सगळे करतात. पत्रिका छापणाऱ्याला पाहुण्याची काळजी, म्हणून त्याला ध्वजारोहण बरं पडतं.

माझ्या मनात या दिवसाचं जे काही आहे ते सगळं रांगेतलं आहे. आदल्या दिवशी मारलेली फक्कीची रेघ, तिला अंगठे लावून उभी राहिलेली पोरं, जास्त नीळ पडलेले शर्ट. पीटीचे सर झेंड्याच्या घडीत झेंडूच्या पाकळ्या घालून वर सुरगाठ मारायचे. पाहुण्यांनी दोरी ओढली की तिची हमखास निरगाठ व्हायची. पाहुणे आणखी जोर लावत, गाठ आणखी आवळे, राष्ट्रगीताला श्वास घेऊन तयार असलेल्या मुली तशाच थांबत. शेवटी सर पुढे होऊन एक हिसडा देत आणि पाकळ्या पाहुण्यांच्या टोपीवर पडत. तेवढ्यात हसू दाबून धरायचं आणि लगेच ताठ उभं राहायचं, या दोन्हींच्या मधे जे वाटायचं त्याला काय म्हणू? देशभक्ती म्हणायला संकोच होतो. देशप्रेम भाषणातलं वाटतं. तुम्ही स्वतःबद्दल बोलताना कोणता शब्द वापरता?

काना-मात्रा:
दर वर्षी फिरणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल आधी लिहितो, नाहीतर कोणीतरी इथे चिकटवेलच. पंधरा ऑगस्टला 'ध्वजारोहण' आणि सव्वीस जानेवारीला 'ध्वज फडकवणे', असा तो भेद. दिल्लीपुरता तो खरा आहे. लाल किल्ल्यावर पंतप्रधानांच्या हस्ते झेंडा खालून वर जातो. प्रजासत्ताक दिनी तो आधीच वर बांधलेला असतो आणि राष्ट्रपती तो नुसता उलगडतात. पण उंबरठा यांनी वर्णन केलेल्या शाळेत दोन्ही दिवशी गाठ वरच असते. म्हणजे काटेकोर अर्थाने तिथे आरोहण होतच नाही! झेंडावंदन म्हटलं की हा प्रश्नच मिटतो.

ध्वजसंहितेत (२६ जानेवारी २००२ पासून लागू) झेंडा झपकन वर चढवावा आणि सावकाश, सन्मानाने उतरवावा असं आहे. उतरवण्याला 'ध्वजावतरण' असा झकास शब्द आहे, पण त्याची पत्रिका कोणी काढत नाही. संध्याकाळी शिपाईमामा आणि जवळ राहणारे एक सर, एवढाच समारंभ.

दिंडी दरवाजा:
मराठीत झेंड्याला शब्द भरपूर आहेत आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही, हे मला फार आवडतं. बंड करायचं तर 'निशाण' उभारतात. बंडाचा ध्वज कोणी उभारत नाही. गाडी सोडणारा गार्ड हिरवा 'बावटा' दाखवतो. कामगारांचा 'लाल बावटा', अण्णाभाऊ साठे आणि अमर शेखांच्या कलापथकाच्या नावातही तोच. वारकऱ्याच्या खांद्यावर 'पताका', पेशव्यांच्या फौजेपुढे 'जरीपटका'. ध्वज हा या सगळ्यांतला सोवळ्यातला शब्द. देवळाच्या शिखरावर किंवा सरकारी परिपत्रकात शोभतो.

आणि नागपुरात १९२३ साली झाला तो 'झेंडा सत्याग्रह'. तेव्हाच्या चरख्याच्या झेंड्यासह सिव्हिल लाइन्समध्ये मिरवणूक न्यायला बंदी होती. तुकड्या जात राहिल्या, जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाईंनी सूत्रं हाती घेतली. त्या सत्याग्रहाला आज कोणी 'ध्वज सत्याग्रह' म्हटलं की मला ते अंगावरचं खादीचं काढून टेरिलीन घातल्यासारखं वाटतं.

उलट टोकाला, "काय मोठे झेंडे लावलेस!" हेही आपलंच. १७५८ला मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या त्याचे अटकेपार झेंडे. आणि बारावीला गणितात नापास झालेल्या पोराला बाप तेच झेंडे ऐकवतो. अभिमानाच्या शब्दाचा एवढा बिनधास्त टोमणा करणारी भाषा मला तरी जवळची वाटते.

तेरेखोल:
सिंधुदुर्गाच्या टोकाहून. आमच्याकडे 'बावटा' म्हटलं की पहिल्यांदा देश आठवत नाही, वारा आठवतो. "बंदरात तीन नंबरचा बावटा लागला" म्हणजे होडी बाहेर काढू नका. पलीकडे गोव्यात कोंकणीत तिरंग्यालाही बावटोच म्हणतात.

पण तोच बावटा घेऊन १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही पत्रादेवीवरून गोव्यात शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. इकडे स्वातंत्र्याचा आठवा वाढदिवस चालू होता, आणि नाक्यापलीकडे तेच कापड हातात धरलं म्हणून माणसं मेली. गोवा सुटला १९ डिसेंबर १९६१ला. माझं आजोळ पलीकडचं. तिथे घरात 'स्वातंत्र्य' हा शब्द कमी, 'मुक्ती' जास्त. "मुक्तीच्या आधी", "मुक्तीनंतर". शाळेत मला निबंधात 'गोव्याचे स्वातंत्र्य' लिहायला सांगत तेव्हा ते घरचं वाटत नसे.

मु. पो. नांदेड:
तेरेखोल, आमचंबी तसंच. उर्वरित महाराष्ट्राला माहीत नसतं, म्हणून सांगतो: मराठवाड्यात १७ सप्टेंबरलाबी झेंडावंदन असतं. देश सत्तेचाळीसला स्वतंत्र झाला तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो. सुटलो १९४८च्या १७ सप्टेंबरला. सरकारी नाव मुक्तिसंग्राम दिन, पण म्हातारी माणसं 'पोलीस ॲक्शन' म्हणायची. जन्मसाल विचारलं तर "ॲक्शनच्या वक्ती मी रांगत होतो" असं उत्तर. पुण्याला नोकरीला गेलो तेव्हा १७ सप्टेंबरला सुटी नाही हे कळून चमत्कारिक वाटलं. एक राष्ट्रीय दिवस कमी पडल्यासारखं.

आन आणखी एक, थोडा गावाचा अभिमान (हा शब्द मी वापरतो, संकोच नाही): झेंड्याची खादी नांदेडात तयार होते, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत. २०२१च्या डिसेंबरात संहिता बदलली, पॉलिस्टरचे यंत्रावरचे झेंडे चालू झाले. पुढच्याच वर्षी 'घरोघरी तिरंगा' आलं. आमच्या गल्लीत जे झेंडे वाटले त्यातल्या निम्म्यांत चक्र अंड्यासारखं होतं आन पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमधबी नव्हतं. चोवीस आऱ्या तर सोडाच, नुसता निळा डाग. स्वस्त पडतं, सगळ्यांना परवडतं, हे मान्य. पण खादीचा झेंडा भिजला की जड होतो, वारा सुटल्यावर फाडफाड वाजतो. पॉलिस्टरचा नुसता सळसळतो. लहानपणचं वाजणं मला पाहिजे.

काना-मात्रा:
'अभिमान' शब्द निघाला तो बरा. हिंदीत 'अभिमान' म्हणजे घमेंड आणि 'गर्व' चांगला. आपल्याकडे बरोबर उलटं: अभिमान हवासा, आणि गर्वाचं घर खाली. "मुझे भारतीय होने पर गर्व है" याचं "मला भारतीय असण्याचा गर्व आहे" असं भाषांतर हल्ली बातम्यांत सर्रास दिसतं. मराठी कानाला त्यात माणूस कबुलीजबाब देतोय असं वाटायला हवं. आता वाटत नाही, म्हणजे गर्वाचं घर वर चाललंय.

तसंच 'राष्ट्रगीत'. हिंदीत 'राष्ट्रगान' म्हणजे जन गण मन, आणि 'राष्ट्रगीत' म्हणजे वंदे मातरम्. मराठीत राष्ट्रगीत म्हणजे जन गण मनच. हिंदीवरून उतरवलेल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांनी स्पर्धापरीक्षेच्या मुलांचा पार गोंधळ करून टाकलाय.

बालभारती फॅन:
उंबरठा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवरच आहे. प्रतिज्ञा आठवा. मूळ तेलुगूत, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली लिहिलेली. मराठी प्रतिज्ञेत देशाबद्दल काय काय आहे? प्रेम आहे, अभिमान आहे, निष्ठा आहे. भक्ती नाही. शिवाय सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'देश' आहे, 'राष्ट्र' एकदाही नाही. वर्षानुवर्षं रोज सकाळी म्हणूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. मुलीला पाठ करून घेताना आलं.

अभिमानही देशाचा म्हणून नाही, परंपरांचा. आणि त्यानंतर लगेच पात्रता अंगी यावी म्हणून प्रयत्न करीन, असं. म्हणजे ती पात्रता आपोआप मिळत नाही, हे त्या वाक्याने गृहीत धरलंय. 'पाईक' हा शब्दही बघा. पायदळातला साधा शिपाई. तुकोबांचे पाइकाचे अभंग आहेत. सेनापती होण्याची भाषा प्रतिज्ञेत कुठेच नाही. (आमच्या वर्गात अर्धी मुलं 'पाईप' म्हणायची.)

तेव्हा माझं मत: देशप्रेम. भाषणांनी वापरून गुळगुळीत केला असला तरी अर्थ शाबूत आहे.

दिंडी दरवाजा:
भक्तीला एवढं टाकू नका हो. हल्ली 'भक्त' म्हणजे प्रश्न न विचारणारा, असा अर्थ रूढ झालाय खरा. पण तो मराठी भक्तीचा अर्थ नाही. आमच्या परंपरेत भक्त देवाशी भांडतो. जनाबाईने विठोबाला काय काय ऐकवलंय ते वाचा. नामदेव रुसतात, तुकोबा हिशेब मागतात. ज्याला शिव्या घालायचा हक्क आहे असं वाटतं त्याचीच भक्ती होते. त्या अर्थाने रस्त्यातल्या खड्ड्यावरून नगरपालिकेला रोज पत्र लिहिणारे आमचे शेजारी मला पक्के देशभक्त वाटतात. झेंडावंदनालाही न चुकता येतात आणि तिथेही खड्ड्याचंच बोलतात.

तळटीप:
'वतन' कोणी आणलं नाही अजून. हिंदी गाण्यांत वतन म्हणजे मायभूमी, ऐकताना डोळे ओले व्हायचे. मराठी कागदपत्रांत वतन म्हणजे पिढीजात हक्काची जमीन नाहीतर काम: पाटलाचं वतन, कुलकर्ण्याचं वतन, आणि महार वतन. शेवटच्यात हक्क कमी आणि राबणूक फार. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं होतं. प्रत्यक्षात असली वतनं गेली ती १९५८च्या कायद्याने. आमच्या घरात "वतन सुटलं" हे आनंदाने सांगायचं वाक्य होतं. त्यामुळे पंधरा ऑगस्टला कर्ण्यावर वतनसाठी जीव द्यायची गाणी लागली की आजोबा म्हणायचे, "घ्या, पुन्हा वतन!"

त्यांना देशाबद्दल काही वाटत नव्हतं असं नाही. सव्वीस जानेवारीला ते पांढरा सदरा घालून सगळ्यांच्या आधी शाळेत जाऊन उभे राहायचे, पंधरा ऑगस्टला मात्र सावकाश. कारण विचारलं तर एकच शब्द: "घटना." देशप्रेम, राष्ट्रप्रेम यांतला कुठला शब्द त्यांना लावायचा, मला ठरवता येत नाही.

सातासमुद्रापार:
अमेरिकेतून. इथे चार जुलैला झेंडा कागदी रुमालांवर, पोहायच्या चड्डीवर, केकवर. तोंड पुसून टाकून देतात. पहिल्या वर्षी मी तो रुमाल घडी घालून पर्समध्ये ठेवला, टाकवेना. आपल्याकडे कायद्यानेच झेंडा कमरेखालच्या कपड्यांवर आणि रुमालांवर चालत नाही, तो संस्कार हाडात असतो. इथल्या लोकांचं देशावर प्रेम कमी असतं असं मात्र अजिबात नाही. आता माझ्याकडे इथलं नागरिकत्व आहे. शपथ घेतली तेव्हा हातात छोटा झेंडा दिला होता, तो कपाटात आहे.

शब्दांचं विचाराल तर 'मायदेश' मी फक्त लिहिते. बोलताना "इंडियाला चाललोय". आई फोनवर विचारते, "घरी कधी येतेस?" आणि मुलं मागून विचारतात, "कुठल्या घरी?"

घाटाखालचा:
या सगळ्यात 'देश' शब्दाचाच घोळ राहिला. आमच्या चिपळूणकडे देश म्हणजे घाटावरचा मुलूख. कुंभार्ली चढून गेलं की माणूस 'देशावर' गेला. आजीला मी 'देशासाठी प्राण देईन' हे भाषण म्हणून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "कराडला जाऊन?"

परदेशी (आडनावच आहे):
तर मग माझंही ऐका. आमचे पूर्वज उत्तरेकडून आले, इथल्या लोकांनी 'परदेशी' म्हटलं आणि तेच आडनाव चिकटलं. तेव्हा आपला मुलूख सोडून आलेला तो परदेशी, एवढाच अर्थ होता. विलायतेचा संबंध नव्हता. नगर, नाशिक, संभाजीनगर, कुठेही जा, परदेशी सापडतील. घरात अजून एक मोडकीतोडकी हिंदी बोलतात जी उत्तरेत कोणाला कळत नाही, आणि शिव्या शंभर टक्के मराठी.

पासपोर्टच्या अर्जावर आडनाव परदेशी, राष्ट्रीयत्व भारतीय. खिडकीमागच्या बाईंनी दोनदा वाचलं. पोरगा शाळेत प्रतिज्ञा सांगायला पुढे उभा राहिला की 'परदेशी, चला' अशी हाक येते आणि मग तो 'भारत माझा देश आहे' सुरू करतो. त्याला त्यात काही विचित्र वाटत नाही. मला वाटायचं, पण वर्गात आम्ही तिघे परदेशी होतो, त्यामुळे चिडवायला फारसं कोणी यायचं नाही.