नेमकी मदत: तुमचे अनुभव लिहा

आई शेवटचे आठ महिने अंथरुणाला खिळून होती. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे. एकाच जागी दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा अडतो आणि बेडसोर, म्हणजे दाबाच्या जखमा, होतात. मी रात्रभर गजर लावून उठायचो. भेटायला येणारे "काही लागलं तर सांग" म्हणायचे. मनापासूनच म्हणायचे, पण दमलेल्या माणसाला काय लागतंय तेही सुचत नाही. शेजारच्या काकू मात्र एकदा आल्या, कूस कशी बदलायची ते माझ्याकडून शिकून घेतलं आणि म्हणाल्या, "आज मी जागते, तू झोप." त्या रात्री मी सलग सात तास झोपलो.

तुम्हाला कुणी असं काही दिलं असेल किंवा तुमच्या हातून घडलं असेल, तर लिहा. मदत करायला जाऊन चुकलं असेल तर तेही लिहा.

*

माझं चुकलेलंच लिहिते. रस्ता ओलांडायला थांबलेल्या एका अंध गृहस्थांचा दंड धरून मी त्यांना भराभर पलीकडे नेलं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही मला धरू नका, मला तुम्हाला धरू द्या." मग त्यांनीच शिकवलं. आधी विचारायचं. आपलं कोपर त्यांच्या हाताला लागेल असं पुढे करायचं आणि अर्धं पाऊल पुढे चालायचं. आपण वळलो, पायरी उतरलो की त्यांना ते कोपरातूनच कळतं. पांढऱ्या काठीला हात लावायचा नाही. आणि निघताना "मी निघते" असं सांगायचं, नाहीतर माणूस रिकाम्या जागेशी बोलत राहतो. हे शेवटचं मला फार लागलं. आजवर कितीदा न सांगता निघून गेले असेन!

*

दान केलेल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, साधारण पाचच दिवस टिकतात, जास्त साठवून ठेवता येत नाहीत. हे कळल्यापासून ओळखीतल्या कुणाचा फोन येण्याची वाट पाहत नाही, आपणहून जाऊन देणं सुरू केलंय. कुणाला मिळाल्या ते कळत नाही, आणि मला ते आवडतं.

*

सासऱ्यांना ऐकू कमी येतं. घरात सगळे हसले की तेही हसायचे. मला वाटायचं, ते मजेत आहेत. एकदा मी विचारलं, "बाबा, कशाला हसलात?" ते गप्प झाले. तेव्हापासून मी त्यांच्या समोर बसते, माझ्या तोंडावर उजेड येईल अशी. ओरडत नाही, कारण ओरडलं की ओठांचा आकार बिघडतो आणि त्यांना शब्द वाचता येत नाहीत. विषय बदलला की तेवढं सांगते, "आता धाकट्याच्या परीक्षेचं चाललंय." परवा त्यांनी मध्येच थांबवून स्वतःच्या परीक्षेची गोष्ट सांगितली. एवढ्या वर्षांत आम्ही ती कधी ऐकलीच नव्हती.

*

नवऱ्याचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, दर वेळी चार तास. सगळे त्यांची चौकशी करतात, ते योग्यच आहे. एके दिवशी शेजारच्या पलंगावरच्या आजोबांचा मुलगा म्हणाला, "वहिनी, मी दोघांकडे लक्ष ठेवतो, तुम्ही बाहेर चक्कर मारून या." मी बाहेर जाऊन नुसती चालले, आणि बरंच रडले. आता आमचं ठरलंय, पहिला तास त्याचा मोकळा, शेवटचा माझा.