चित्रापुढं पेटी वाजवली तर पोट्टे थांबतील का?

पेटीवाला_दारव्हा
राम राम मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, संध्याकाळी भजनी मंडळात पेटी धरतो. दिवाळीनंतर सहल नागपूरच्या अजब बंगल्यात नेली. १८६३ पासूनचं संग्रहालय, पाहायला काय कमी! पण पोट्टे भुसा भरलेल्या प्राण्यांपुढं खिळले आणि चित्रं आली तसं सुरू, "सर, डबा कवा खायचा?"

पुढच्या खेपेला चित्रापुढंच कोणी वाजवायला बसलं तर? परदेशातल्या संग्रहालयांत असे कार्यक्रम होतात. आपल्याकडं कोणी केलंय का? खंजिरी चालेल?

सतारवाली_मावशी
खंजिरी घरीच ठेवा भाऊ! बंद दालनात ती अशी घुमते की चित्र राहतं बाजूला.
रागमालेपासून सुरुवात करा. त्या चित्रांत रागच काढलेला असतो. तोडी रागिणी म्हणजे रानात एकटी बाई, हाती वीणा, सुरांना भुलून जवळ आलेली हरणं. आधी चित्र दाखवा, नाव सांगू नका. मग कोमल रिषभ, गंधार, धैवत सावकाश लावा. घाई केली तर तोडी हातची जाते.

कोरडवाहू
गाणं रंगलं की माणूस डोळे मिटतो. चित्र कोण पाहणार, बावा?

रात्रपाळी
खरं आहे, पण त्याला तोड आहे. मुसोर्गस्की नावाचा रशियन संगीतकार. त्याचा चित्रकार मित्र हार्टमान वारला, त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. ते पाहून यानं १८७४ साली पियानोसाठी रचना केली. मला त्यातली मधली चाल जास्त आवडते, एका चित्राकडून दुसऱ्याकडं चालत जाण्याची. पोरांनाही तेच द्या. चालताना वाजवा, चित्रापुढं बंद.

पेटीवाला_दारव्हा
शनिवारी वर्गातच करून पाहिलं. तोडीच्या चित्राची रंगीत झेरॉक्स भिंतीला चिकटवली. आमच्या पेटीचा भाता गळतो, सुरापेक्षा फुसफुस जास्त. तरी पोट्टे गप. थांबलो तर दुसरीतली एक पोरगी म्हणते, "सर, सगळे हरणं आयकून राह्यले, हे एकच मांगं पाहून राह्यलं. मांगं कोन हाय?"

चार दिवस ते चित्र माझ्या टेबलावर होतं. मला ते हरण दिसलंच नव्हतं.

मावशी, खंजिरी व्हरांड्यात चालताना वाजवू. आत नाही आणत.