मदत हवी आहे: ८५ डीबीचे स्पीकर, कोणता हायब्रिड पॉवर अॅम्प? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

दिवाळीत हौसेनं केईएफचे एलएस५० मेटा स्पीकर घेतले, ८५ डीबी (डेसिबल) वाले. जुळे सोलापुरात १२ बाय १४ ची खोली, बसायची जागा स्पीकरपासून नऊ फुटांवर. खोली घुमत होती म्हणून मागच्या भिंतीला दोन चादरी टांगल्या. (पाहुणे विचारतात, वाळत घातल्यात का?) ऐकणं म्हणजे ख्याल, नाट्यसंगीत आणि रविवारी सकाळी मल्लिकार्जुन मन्सूर.

सध्या ३५ वॅटचा जुना इंटिग्रेटेड अॅम्प आहे. मध्यम आवाजात गोड वाजतो, पण पखवाजाची जोरकस थाप आली की सगळं दबतं, तानपुरासुद्धा कर्कश होतो. लहानपणी घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्या आवाजाची ओढ अजून सुटलेली नाही. म्हणून हायब्रिड, म्हणजे आत व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर दोन्ही असलेला अॅम्प.

दोन पर्याय दिसतायत. एक नवा, ४० वॅटचा, पुढे काच, आत दोन व्हॉल्व्ह, दिसायला नवरदेव! पण ४ ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध) किती वॅट देतो, हा आकडाच त्याच्या कागदावर नाही. दुसरा पुण्यातला वापरलेला, ८ ओहमला १०० आणि ४ ओहमला १७० वॅट. दिसायला तिजोरी. माझे स्पीकर म्हणायला ८ ओहमचे, पण किमान ३.५ पर्यंत उतरतात असं कंपनीच लिहिते.

प्रीअॅम्प (पॉवर अॅम्पच्या आधीचा, आवाज कमी-जास्त करणारा डबा) नाही. डॅकला (डिजिटल गाण्याचा अॅम्पला चालणारा सिग्नल करणारा डबा) व्हॉल्यूम आहे, आउटपुट २ व्होल्ट. तेवढ्यावर चालेल? आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो, त्यात व्हॉल्व्ह म्हणजे खोलीत शेगडीच की काय?

प्रतिसाद

शेगडीची भीती सोडा. हायब्रिडमध्ये व्हॉल्व्ह फक्त पुढच्या टप्प्यात असतो, स्पीकर ढकलायचं काम ट्रान्झिस्टर करतात. १२एएक्स७ या छोट्या व्हॉल्व्हचा हीटर दोन वॅटसुद्धा खात नाही. पूर्ण व्हॉल्व्हच्या अॅम्पमधली एकेक मोठा ईएल३४ व्हॉल्व्ह नुसत्या हीटरला साडेनऊ वॅट घेतो. हायब्रिड तापतो तो ट्रान्झिस्टरांच्या बायसमुळे, म्हणजे गाणं नसतानाही त्यांतून वाहणाऱ्या करंटमुळे. वर वीतभर जागा मोकळी ठेवा, कपाटात कोंबू नका.

आता वॅट. ८५ डीबी म्हणजे २.८३ व्होल्टला (८ ओहमवर एक वॅट) एक मीटरवर. नऊ फुटांवर, दोन स्पीकर आणि खोलीची साथ धरून, ८२-८३ डीबी समजा. थापेला १०० डीबी हवे असतील तर १७-१८ डीबी जास्त, म्हणजे त्या एका वॅटच्या पन्नास-साठ पट. प्रत्येक ३ डीबीला वॅट दुप्पट होतात, इथंच लोक फसतात. ४० वॅटवाला ३५ च्या जागी आणून काय मिळणार? अर्धा डीबी!

खरी परीक्षा ३.५ ओहमची. ओहम कमी तितका करंट जास्त लागतो, आणि ४ ओहमचा आकडाच न देणाऱ्या अॅम्पवर मी पैसे लावणार नाही. तुमची तिजोरीच घ्या.

२ व्होल्ट पुरतात. २६ डीबी गेन असेल (म्हणजे अॅम्प व्होल्ट वीस पट वाढवत असेल) तर १०० वॅटला १.४ व्होल्टच लागतात. मात्र चालू करण्याआधी डॅकचा व्हॉल्यूम तळाशी आहे ना बघा, नाहीतर पहिल्याच सुराला घरचे धावत येतील.

धागाकर्ता

धन्यवाद काका, डोळे उघडले. शनिवारी सकाळच्या हुतात्मानं पुण्याला जातोय, स्पीकर सोबत घेऊन. विकणारे म्हणतात व्हॉल्व्ह टेस्टर नाही. व्हॉल्व्ह दमलाय हे कानानं कसं ओळखू?

प्रतिसाद

गाणं बंद ठेवा, अॅम्प अर्धा तास तापू द्या आणि स्पीकरला कान लावा. एकाच बाजूनं खरखर किंवा तेल तडतडल्यासारखं आलं, तर अॅम्प बंद करा, गार होऊ द्या आणि डाव्या-उजव्या व्हॉल्व्हची अदलाबदल करा. खरखर बाजू बदलून गेली तर दोष व्हॉल्व्हचा, किरकोळ खर्च. तिथंच राहिली तर दोष आतला, मग स्पीकर उचला आणि संध्याकाळची गाडी पकडा.