'नाशिक पोलिसांनी पकडलं' हे वाक्य जरा तपासून घ्या

गोदाकाठची

परवा 'रविवार कारंजा' या आयडीने टाकलेली पोस्ट बहुतेकांनी वाचली असेल. ज्यांनी नसेल वाचली त्यांच्यासाठी थोडक्यात: अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका नि सीमा यांना 1996 मध्ये 'आपल्या नाशिक पोलिसांनी' पकडलं, सीसीटीव्ही नाही, मोबाइल नाही, फक्त अक्कल आणि दांडा. तेव्हा पोलिस पोलिस होते. आणि 2022 मध्ये हायकोर्टाने फाशी रद्द करून त्या सगळ्या मेहनतीवर पाणी ओतलं. खाली दीडशे टाळ्या.

मी दोन दिवस गप्प बसले. आज पोळ्या लाटतानासुद्धा तेच डोक्यात, म्हणून लिहितेच.

1990 ते 1996. सहा वर्षं. 13 पोरं उचलली या तिघींनी. कुठून? देवळाच्या पायऱ्या, एसटी स्टँड, बाजार. पाकीट मारताना सापडलं तर कडेवर लेकरू असलेल्या बाईला लोक सोडून देतात, एवढ्यासाठी. कोल्हापुरात एकदा सीमा सापडली तेव्हा अंजनाबाईने हातातलं दीड वर्षाचं पोर जमिनीवर आपटलं. लोक रक्ताकडे धावले, या सटकल्या. नंतर ते रडायचं थांबेना म्हणून मारून टाकलं.

या सहा वर्षांत कुठल्या जिल्ह्याच्या पोलिसांनी 'ही पोरं एकाच हाताने जाताहेत' असं म्हटलं? कोणीही नाही. सापडल्या कशा? अंजनाबाईला सोडून गेलेल्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं. त्या दुसऱ्या बायकोची नऊ वर्षांची मुलगी 1995 मध्ये गेली. त्या आईने नाव घेऊन संशय सांगितला. पुढे तिच्या धाकट्या मुलीवरही डोळा आहे हे दिसलं आणि मग अटक झाली. म्हणजे सवतीचा सूड घ्यायची हाव सुटली नसती, तर चौदावं, पंधरावं, विसावं पोर गेलं असतं.

तपास आईने केला. पोलिसांनी दार ठोठावलं. एवढंच माझं म्हणणं.

रविवार कारंजा

ताई, पोस्ट माझीच. दार ठोठावलं म्हणे! तक्रार रोज शंभर येतात. 'सवतीनं पोरगी नेली' हे ऐकून ठाणे अंमलदार हसलाही असता. हसला नाही, हेच काम. आणि त्या एका तक्रारीतून बाकीची बारा पोरं बाहेर काढली कोणी? आईने काढली का?

आमचे वडील 34 वर्षं खात्यात होते. दिवाळीला घरी आहेत असा एक फोटो नाही आमच्याकडे. त्यामुळे माझं रक्त जरा लवकर तापतं, तेवढं समजून घ्या.

मिसळ_ताक

दोघांचंही बरोबर आहे, असं म्हणून पळून जाणार होतो, पण 'तेव्हा पोलिस पोलिस होते' हे वाचून राहवेना. मुंबईत एकामागून एक खून करणाऱ्या रमण राघवला 1966 च्या सुमारास एकदा धरून पुराव्याअभावी सोडलं होतं. 1968 च्या ऑगस्टमध्ये परत धरला, तोवर किती गेले ते मोजा. तेव्हाचे पोलिस पण माणसंच होते हो.

सदाशिव_ते_सिडको

पुण्याचा आहे, लग्नामुळे नाशकात. जोशी-अभ्यंकर प्रकरण आठवतंय का कोणाला? माझी आत्या भांडारकर रोडवर राहायची. डिसेंबर 1976 मध्ये अभ्यंकरांच्या घरात पाच माणसांचे खून झाले, त्यानंतर सहा वाजले की कडी. दूधवाला आला तरी आत्या आतून विचारायची, 'आमच्या म्हशीचं नाव काय?' (म्हैस त्याची होती.) सगळं पुणे पोलिस खातं रस्त्यावर होतं. मार्च 1977 मध्ये मारेकरी सापडले, कॉलेजातली चित्रकलेची पोरं. तिथे कुठली आई नव्हती तक्रार करायला. पोलिसांनीच उलटतपासणीत खोटं पकडलं.

गोदाकाठची

धन्यवाद, माझंच काम सोपं केलंत. बंगल्यातले लोक मेले की अख्खं खातं रस्त्यावर. भिकाऱ्याचं पोर स्टँडवरून गेलं की सहा वर्षं कोणाला पत्ता नाही. यातल्या काही पोरांचे आईबाप कोण हेसुद्धा शेवटपर्यंत कळलं नाही.

सदाशिव_ते_सिडको

झालं. आणा आता जात, आणा पेठ. आत्या घाबरली ती बंगल्यातली म्हणून तिची भीती स्वस्त का? मी तपासाबद्दल बोललो होतो.

गोदाकाठची

जात मी आणली नाही. पत्ता आणला. तो तुम्हीच सांगितलात.

माजी_ठाणे_अंमलदार

मी या केसमध्ये नव्हतो, आधीच सांगतो. पण त्या वर्षांत मी नोकरीत होतो, म्हणून काम कसं चालायचं ते सांगतो. नंतर शिव्या द्या.

पोर हरवलं की 'मिसिंग'चं रजिस्टर. लांबट, लाल कापडी पाठीचं. त्यात नाव, वय, रंग, अंगावरचे कपडे, 'उजव्या गालावर तीळ'. मग बिनतारीवरून संदेश शेजारच्या ठाण्यांना. कोल्हापूरचं पोर नाशकात मेलं तर? नाशकात ती बेवारस मयत. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, फोटो, आठ दिवस वाट, अंत्यसंस्कार. दोन रजिस्टरं, दोन जिल्हे, आणि ती एकमेकांसमोर उघडणारा माणूस कोणी नेमलेलाच नव्हता. हद्द संपली की डोकं संपायचं. हे मी अभिमानाने सांगत नाही.

आता दुसरी बाजू. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम 25. आरोपीने 'इथे टाकलं' म्हटलं आणि तिथे काही निघालं, तर तेवढंच वाक्य धरतात. पाच वर्षांपूर्वीचं पोर, प्रेत ओळखलेलं नाही, आईबापाचा पत्ता नाही. काय सिद्ध करणार? म्हणून रेणुकाचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार केला. पुढचा तपास सीआयडीकडे गेला, त्यांनी एकेक जुनी मिसिंग आणि एकेक बेवारस मयत जुळवत नेली. आरोप नऊ खुनांचा होता, वरपर्यंत टिकले पाच. लोक म्हणतात, चार सुटले. मी म्हणतो, पाच बसवले हेच नवल.

तर गोदाकाठचीताई, सुरुवात त्या आईची, मान्य. शेवट खात्याचा.

रविवार कारंजा

काका, जिंकलात!

मिसळ_ताक

नवरा गाडीत सोबत, घरात सोबत, आणि शेवटी साक्षीदार होऊन मोकळा. यावर कोणी टाळ्या वाजवेल का?

माजी_ठाणे_अंमलदार

टाळ्या नाहीत. पण तो नसता तर तिघीही मोकळ्या. यातलं काय निवडाल ते निवडा, मला रात्री झोप येते.

सुरगाण्याचा

मी सहसा लिहीत नाही. आडनाव गावित. सुरगाण्यात दगड उचलला तर खाली एक गावित निघेल, इतके आम्ही आहोत. 1997 मध्ये आठवीला नाशकात वसतिगृहात होतो. सर हजेरी घ्यायचे, माझं नाव आलं की मागच्या बाकावरून आवाज: 'पोरं लपवा रे.' सर पण हसायचे. घरमालकीण होती एक, वसतिगृह बंद असलं की सुट्टीत तिच्याकडे दोन दिवस खोली मिळायची. त्या वर्षी म्हणाली, खोली रंगवायची आहे. रंगवली नाही कधीच.

त्या बाईला ते आडनाव नवऱ्याकडून आलेलं. तो पण सोडून गेलेला. आणि रेणुका तर शिंदे. शिंद्यांच्या पोरांना वर्गात कोणी 'पोरं लपवा' म्हणालं का?

गोदाकाठची

हे डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या पोस्टमध्येही पहिल्याच ओळीत आडनाव आहे.

त्र्यंबकवाली

आडनाव सोडा, त्या केसनंतर कडेवर पोर असलेली कुठलीही परकी बाई चोर ठरली. माझी आई नाशकातल्या सीबीएस एसटी स्टँडवर अशीच अडकली. माझा धाकटा भाऊ गोरा, आई सावळी. 'हे पोर तुझं कशावरून?' चाळीस माणसं. आईने काय करावं? तिथेच फलाटावर बसून त्याला पाजलं. मग गर्दी हळूहळू पांगली. एकाने तर निघताना 'माफ करा माऊली' म्हणून पाया पडायचा आव आणला. आई अजून सीबीएसवरून जात नाही, ठक्कर बाजारहून जाते.

मिसळ_ताक

आणि त्याचं टोक म्हणजे राईनपाडा. 1 जुलै 2018, साक्री तालुका, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, पाच जण, भिक्षा मागायला आलेले. पोरं पळवणारी टोळी म्हणून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. आमच्या सासरवाडीच्या ग्रुपवर आदल्या आठवड्यातच ते व्हिडिओ फिरत होते. मीही एक पुढे पाठवला होता. 'खबरदारी म्हणून.'

रविवार कारंजा

विषय कुठे चालला? तपासाबद्दल धागा आहे. अफवांसाठी वेगळा काढा.

सुरगाण्याचा

साहेब, तुम्हाला विषय वेगळा वाटतो कारण तुम्हाला कधी कोणी थांबवून विचारलं नाही, 'पोर कोणाचं?'

रविवार कारंजा

म्हणजे मी काय राईनपाड्याला दगड घेऊन गेलो होतो? प्रत्येक गोष्टीत आमच्याच तोंडाला काळं फासायचं ठरवलंय का? त्याच दिवसांत मालेगावात जमावाच्या तावडीतून एक कुटुंब पोलिसांनीच सोडवलं, स्वतः मार खाऊन. त्याला एक ओळ नाही कोणाची.

त्र्यंबकवाली

घ्या एक ओळ. मालेगावच्या पोलिसांना सलाम, मनापासून. आता सांगा, सीबीएसवर आईला गर्दीने घेरलं तेव्हा वीस पावलांवर चौकी होती. तिथला माणूस चहा पीत बघत होता.

पंचवटी_चौक

धागा कुठेही जाऊ दे, माझं एक ऐका. 2016, माझा भाचा, सात वर्षांचा, संध्याकाळी खेळायला गेला तो आलाच नाही. ठाण्यात गेलो. 'येईल हो, मामाकडे गेला असेल.' म्हटलं, साहेब, मामा मीच. 'मग 24 तास बघा.' सुप्रीम कोर्टाने 2013 मध्येच सांगितलंय की हरवलेल्या मुलाची तक्रार अपहरण धरून गुन्हा म्हणून नोंदवायची, 24 तासांचा नियम कुठेच नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि त्याला माहीत असून उपयोग नव्हता. फोटो मागितला तर आमच्याकडे जावळाचा! वहिनी तो टक्कल केलेला फोटो हातात धरून उभी. रात्री साडेअकराला इगतपुरीहून फोन. एका वडापाववाल्याने गाडीतून उतरवून बसवून ठेवलं होतं, दोन वडे खाऊ घालून. तिखट लागलं म्हणून रडत होता, आई नाही म्हणून नाही.

तर काका, लाल पाठीचं रजिस्टर गेलं, संगणक आला. समोर बसलेल्या माणसाचं काय?

माजी_ठाणे_अंमलदार

तो '24 तास' शब्द आम्हीही वापरायचो. खरं सांगायचं तर निम्मी पोरं रात्री जेवायच्या वेळेला परत यायची, म्हणून. उरलेल्या निम्म्यांचा हिशोब कोणी मागत नव्हता. ताई, हे तुमच्या खात्यात जमा करा. माझी दुसरी बाजू मात्र मी मागे घेत नाही.

रविवार कारंजा

बरं. मग निदान 2022 वर तरी बोला! 2001 ला कोल्हापूरच्या कोर्टाने फाशी दिली, 2004 ला हायकोर्टाने कायम केली, 2006 ला सुप्रीम कोर्टाने. 2014 ला राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. आणि 18 जानेवारी 2022 ला जन्मठेप! हे पटतं का तुम्हाला?

गोदाकाठची

नाही पटत. पण कारण वाचलंत का? गुन्हा फाशीच्याच लायकीचा, हे कोर्टाने नाकारलेलंच नाही. दयेच्या अर्जाला सरकारी दिरंगाईमुळे 7 वर्षं 10 महिने 15 दिवस लागले, म्हणून जन्मठेप. सुटकेची मागणी फेटाळली, ते वेगळं. फाइल कुठल्या तरी टेबलावर पडून होती आणि दोन बायका येरवड्यात रोज सकाळी 'आज का?' म्हणत उठत होत्या. अंजनाबाई तर खटल्याआधीच कोठडीत मेली, तिला निकालही नाही नि फाशीही नाही. पाणी कोणी ओतलं म्हणता? कोर्टाने नाही. ज्याच्या टेबलावर फाइल होती त्याने. पहिल्या सहा वर्षांत रजिस्टरं एकमेकांसमोर उघडली नाहीत, शेवटच्या आठ वर्षांत फाइल उघडली नाही. मधला तपास चोख, काका म्हणतात म्हणून मान्य.

सदाशिव_ते_सिडको

जोशी-अभ्यंकर प्रकरणातल्या जक्कल आणि मंडळींना 1983 च्या नोव्हेंबरात फाशी झाली, पकडल्यापासून पावणेसात वर्षांत. इथे नुसता अर्जच त्याहून जास्त वेळ फिरला. माझा राग गेलेला नाही, तरी हे एवढं तुमच्या बाजूचं.

रविवार कारंजा

ठीक आहे. इथे जुनी पोस्ट दुरुस्त करता येत नाही, म्हणून इथेच लिहितो. 'नाशिक पोलिसांनी पकडलं' च्या जागी 'नाशकातल्या एका आईने नाव सांगितलं आणि पोलिसांनी पकडलं' असं वाचा. 'तेव्हा पोलिस पोलिस होते' हे मात्र काढणार नाही, ते वडिलांसाठी आहे. आणि सुरगाण्याचे भाऊ, शीर्षकात आडनाव मोठ्या अक्षरांत टाकलं होतं, लाइक मिळतात म्हणून. ते पान आजच उडवायला सांगतो.

सुरगाण्याचा

उडवू नका, खाली काकांचं रजिस्टर आहे. फक्त शीर्षक बदलायला सांगा.

पंचवटी_चौक

भाचा आता सोळाचा आहे. हा धागा वाचून विचारतोय, 'मामा, तो जावळाचा फोटो तू खरंच पोलिसांना दिलास?'